रोग कोणाला कळतो? नगर जिल्ह्यातली रोगनियंत्रणाची माणसं

पत्रिकेवर आजचा विषय ‘सामुदायिक रोगनियंत्रण प्रकल्पांतील तांत्रिक अधिकारी’ असा छापला आहे. असा विषय वाचूनही तुम्ही एवढ्या संख्येनं आलात, याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. सार्वजनिक आरोग्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर येतो, नर्स येते, हल्ली आशाताई येते. पण सर्व्हेलन्स इन्स्पेक्टर, कुष्ठरोग तंत्रज्ञ, अवैद्यकीय सहाय्यक, टेक्निकल ऑफिसर ही नावं पगारपत्रकाबाहेर कोणी उच्चारत नाही. त्यांच्यावर कादंबरी नाही, चौकात पुतळा तर नाहीच. देवी गेली, नारू गेला, पोलिओ गेला, हे आपण वाक्यात असं म्हणतो की जणू ते रोग आपण होऊन उठून गेले.

आता, मी तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. मी या विषयावर का बोलावं? कारण यात एक जुना प्रश्न आहे आणि तो आमच्याच शास्त्राचा आहे. एखाद्या गावात रोग आहे हे कोणाला कळतं? आणि ज्याला कळतं त्याचं म्हणणं खरं कोण मानतं? आमच्याकडे याला प्रमाणविचार म्हणतात. वर्गात आपण धूर आणि अग्नीचं उदाहरण देतो आणि पुढे सरकतो. इथे मात्र या प्रश्नाच्या उत्तरावर माणसं जगली किंवा मेली आहेत.

जिल्हा आपला. आता अधिकृत नाव अहिल्यानगर, बोलताना माझ्या तोंडून नगर येईल, ते चालवून घ्या. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. आणि खरं तर हे दोन जिल्हे आहेत. उत्तरेला प्रवरा, भंडारदऱ्याचं धरण, कालवे, ऊस आणि साखर कारखाने. दक्षिणेला आणि पूर्वेला कर्जत, जामखेड, पाथर्डी, म्हणजे बीड-धाराशिवला लागून असलेला कोरडा पट्टा. रोगांचा नकाशाही या पाण्याप्रमाणेच बदलतो. कालव्याकाठी डासांना सोय होते. कोरड्या भागात लोक एकाच बारवेत उतरून पाणी भरतात, तिथे पाण्यातून येणारे आजार. आणि कोरड्या भागातली माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला पाण्याच्या भागात जातात, म्हणजे दोन्ही नकाशे एकमेकांत मिसळतात. ही ऊसतोडीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवात प्लेगपासून करायला हवी, पण मी तिथे फार थांबणार नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या हाताखाली घरझडत्या झाल्या, त्याच वर्षी २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. रोगाच्या नावाखाली सरकारचा माणूस उंबरा ओलांडून आत येतो, ही आठवण मराठी मुलखात तिथून पक्की झाली. पुढे पन्नास-साठ वर्षांनी जो कर्मचारी सायकलवरून दारात येऊन उभा राहिला, त्याच्या पाठीवर हे ओझं होतं, आणि त्याला स्वतःला ते ठाऊकही नव्हतं.

त्याच्या आधीपासून गावात येणारा एक जण होता, देवी टोचणारा. लोक त्याला ‘देवी डॉक्टर’ म्हणत. तो डॉक्टर नव्हता, पण गावानं त्याला ती पदवी देऊन टाकली होती. आपल्याकडे रोगालाच देवी म्हणतात, त्यामुळे ‘देवी डॉक्टर’ या शब्दात सगळा समेट आला. देवीचा मान राहिला आणि टोचणाऱ्याचाही.

आता येऊ हिवतापाकडे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे ८ लाख माणसं मरत. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या फवारणीचा परिणाम इतका झटपट दिसला की १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ हा शब्द काढून ‘निर्मूलन’ हा शब्द घातला. शब्द बदलला की माणसांची कामं बदलतात. नियंत्रणात फवारणी केली की काम झालं. निर्मूलनात शेवटचा रुग्ण शोधायचा असतो. म्हणून दर १० हजार वस्तीमागे एक सर्व्हेलन्स वर्कर आणि अशा चौघांवर एक इन्स्पेक्टर अशी उतरंड उभी राहिली. त्या वर्करनं दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचं. विचारायचं, गेल्या पंधरा दिवसांत कोणाला ताप आला का? आला असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, क्लोरोक्विनच्या गोळ्या समोर गिळायला लावायच्या, आणि भिंतीवर तारीख लिहून पुढच्या घरी जायचं.

माझे एक चुलते या कामावर होते. आम्ही त्यांना दादाकाका म्हणायचो. सायकलच्या मागे काचपट्ट्यांची पेटी, खांद्याला पिशवी. गावात त्यांचं नाव कोणाला माहीत नव्हतं, ‘हिवतापवाला आला’ एवढंच. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, भिंतीवर तारीख लिहिता ती घरातल्या लोकांसाठी का? ते म्हणाले, ‘नाही रे, ती साहेबासाठी. घरातल्यांना ठाऊक असतं मी कधी आलो ते.’ या उत्तरावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. त्या भिंतीवर दोन प्रकारचं ज्ञान एकाच जागी उभं आहे. घरातल्या बाईला ताप कोणाला आला हे माहीत आहे. साहेबाला ते फक्त आकड्यातून माहीत होतं. आणि मधला हा माणूस, ज्याला मी आज तांत्रिक अधिकाऱ्याचा पूर्वज म्हणतो आहे, तो एका ज्ञानाचं दुसऱ्यात रूपांतर करतो. घरातून निघतं ते ‘पोराला काल हुडहुडी भरली होती’ हे वाक्य. कचेरीत पोचते ती काचपट्टीची एक संख्या.

हे रूपांतर कुठे बिघडतं, ते पाहण्यासारखं आहे. डीडीटीचंच घ्या. घराच्या भिंतींवर आतून फवारायचं, डास भिंतीवर बसला की मरतो, असं गणित. सुरुवातीला लोक खूश होते, कारण डासांचं त्यांना फारसं पडलं नव्हतं, पण ढेकूण मरत होते. पुढे ढेकूण डीडीटीला दाद देईनासे झाले आणि लोकांचा उत्साह मावळला. शिवाय आपल्या बाया भिंती सारवतात. सण आला की घर सारवायचं, ही काही अडाणीपणाची गोष्ट नाही, ती स्वच्छतेची गोष्ट आहे. पण शेणामातीचा हात फिरला की औषध त्याच्याखाली गाडलं जातं. फवारणीच्या वेळापत्रकात सारवणाला जागा नव्हती. ते वेळापत्रक आखणाऱ्याला डासाचा जीवनक्रम पाठ होता, पण दिवाळी कधी येते हे त्याच्या तक्त्यात नव्हतं.

तरीही यश मोठं होतं. १९६५ च्या सुमारास देशातली रुग्णसंख्या १ लाखापर्यंत खाली आली होती. आणि १९७६ मध्ये? चौसष्ट लाख. डास औषधाला सरावले, डीडीटी वेळेवर पोचेना, शहरांकडे दुर्लक्ष झालं, काचपट्ट्या तपासायला इतका उशीर होई की निकाल येईपर्यंत रुग्ण बरा तरी झालेला असे किंवा गाव सोडून तरी गेलेला असे. शिवाय रोग आटोक्यात आला असं ठरल्यावर ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे काम सोपवायचं होतं, ती केंद्रं पुष्कळ ठिकाणी कागदावरच होती. यातल्या प्रत्येक कारणावर अहवाल आहेत. पण एक कारण मला अहवालांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. पंधरा दिवसांनी येणाऱ्या माणसाला लोक ‘कोणाला ताप नाही’ असं सांगून वाटेला लावत, कारण टोचून घेण्यात त्यांना काही मिळत नव्हतं. ताप त्यांचा, आणि रक्त जायचं सरकारला.

१९७३ मध्ये कर्तारसिंग समितीनं सांगितलं, प्रत्येक रोगासाठी वेगळा माणूस नको, एकच बहुउद्देशीय कर्मचारी हवा. कागदावर हे बरोबरच आहे. एका घरी सोमवारी हिवतापाचा, मंगळवारी देवीचा, बुधवारी कुटुंबनियोजनाचा माणूस, हे काही शहाणपणाचं नव्हतं. पण वेळ कोणती होती पाहा. लगोलग आणीबाणी आली. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, पण लक्ष्य तर गावोगाव पोचलेलं होतं. ज्या कर्मचाऱ्यानं आदल्या वर्षी तापाची विचारपूस केली, तोच आता ‘केस’ मागायला दारात उभा. वीस वर्षं उंबऱ्यापाशी कमावलेली पत दोन वर्षांत गेली. कर्मचाऱ्याची पत हेही रोगनियंत्रणाचं एक साधन आहे, मायक्रोस्कोपइतकंच, पण ते भांडारात नोंदलेलं नसतं, म्हणून हरवलं तरी कोणाला कळत नाही.

याच्या अगदी उलट प्रकार देवीच्या बाबतीत घडला. शेवटी शेवटी धोरण असं ठरलं की सगळ्यांना टोचत बसण्यापेक्षा रुग्ण शोधा आणि त्याच्याभोवती टोचा. रुग्ण शोधायचा तर कोणाला तरी विचारायला हवं, म्हणून खबर देणाऱ्याला बक्षीस लावलं. ते वाढत वाढत १००० रुपयांवर गेलं. बक्षिसाचा मोह वगैरे आपण म्हणू, पण त्याचा दुसरा अर्थ बघा. बाजारात भेटलेल्या कोणाही माणसाच्या शब्दाला सरकारनं पहिल्यांदा किंमत दिली. मे १९७५ मध्ये आसामात देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला.

कुष्ठरोगाची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे आपल्याला वर्ध्याला जावं लागतं. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं. डॉ. वार्देकरांनी तिथे एक पद्धत बसवली, पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार. वाचताना साधी वाटते. तोपर्यंत कुष्ठरोग म्हणजे आश्रम, वसाहत, गावाबाहेरची झोपडी. वार्देकरांनी उपचार रुग्णाच्या घरी नेला. आता घरी कोण जाणार? एवढे डॉक्टर नव्हतेच. म्हणून त्यांनी प्रशिक्षित कर्मचारी तयार केले, डॉक्टर नसलेले, पण कातडी वाचू शकणारे. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमानं हीच पद्धत उचलली आणि सरकारी कागदावर कुष्ठरोग तंत्रज्ञ जन्माला आला.

त्याचं काम काय? माणसाला उजेडात उभं करून अंग तपासायचं. फिकट चट्टा दिसला तर डोळे मिटायला सांगून कापसाच्या पिळानं स्पर्श करायचा आणि विचारायचं, कळतंय का? कोपराजवळची, मानेजवळची शीर चाचपायची, जाड लागते का बघायची. हे पुस्तकातून येत नाही. हजार पाठी पाहिल्यावर बोटांना कळतं. रोग ठरला की डॅप्सोनच्या गोळ्या, वर्षानुवर्षं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे हे सगळं शेजाऱ्यांना न कळता करायचं. तंत्रज्ञाची गाडी एखाद्या दारापुढे महिन्यातून दोनदा थांबली की गावाला सांगायची गरज उरत नाही. मुलीचं लग्न मोडतं. म्हणून शहाणा तंत्रज्ञ पाच दारांपुढे गाडी थांबवत असे, त्यांपैकी एकाच घरी रुग्ण असे. कोणत्याही परिपत्रकात ही सूचना सापडणार नाही.

पण एका गोष्टीपुढे तोही हतबल होता. तो पुरुष होता. बायकांची पाठ, मांड्या तो पाहू शकत नव्हता. म्हणजे सर्वेक्षणाचा आकडा अर्ध्या गावाचाच, आणि उरलेलं अर्धं गाव कागदावर निरोगी. ही अडचण कोणी सोडवली, तर ती आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला सुटली.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. वेल्लोरला शिकलेलं जोडपं. आधी नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की आपण बरी करून पाठवलेली मुलं त्याच आजारानं पुन्हा येतात. मग अमेरिकेत जाऊन दोघं सार्वजनिक आरोग्य शिकले, जॉन्स हॉपकिन्समध्ये कार्ल टेलर यांच्या हाताखाली, आणि १९७० मध्ये जामखेडला आले. सुरुवात झाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्यात. सुमारे ३० गावं आणि ४० हजार लोकसंख्या असा पहिला व्याप.

सुरुवातीची योजना काही क्रांतिकारक वगैरे नव्हती. गावात शिकलेली नर्स ठेवायची, इतकीच होती. ते जमलं नाही. शिकलेली मुलगी परक्या गावात एकटी राहायला नाखूश, आणि गाव तिचं ऐकायला नाखूश. तेव्हा गावातलीच एखादी बाई का घेत नाही, असा विचार पुढे आला. गावानं निवडलेल्या बाया बहुतेक निरक्षर होत्या, काही दलित, काही विधवा, काही नवऱ्यानं टाकलेल्या. आठवड्यातून दोन दिवस जामखेडला यायचं, शिकायचं, रात्री मुक्काम. वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायला तयार नव्हत्या. मग सगळ्यांना मिळून झोपायला एकच मोठी गोधडी. थंडीत काय करणार? जातीनिर्मूलनावर व्याख्यानं मीही पुष्कळ दिली आहेत. त्या गोधडीचा परिणाम जास्त झाला असावा.

आता आपल्या विषयाकडे. या व्यवस्थेत तंत्रज्ञ कुठे गेला? तो होताच. नर्स, निमवैद्यकीय कर्मचारी, समाजसेवक, ड्रायव्हर अशी फिरती टीम गावागावांत जायची. पण तिची दिशा उलटली. पूर्वी टीम येऊन विचारायची, ‘रुग्ण आहे का?’ आता गावातली बाई सांगायची, ‘अमुक घरच्या सुनेच्या पाठीवर चट्टा आहे, तो पाहा. तमक्या म्हाताऱ्याला महिनाभर खोकला आहे, बेडका तपासा.’ ती सुनेला न्हाऊ घालताना, तेल लावताना पाहत होती. ती दहा वर्षं शेजारी राहत होती. तंत्रज्ञानं मग कापसाचा पीळ काढायचा, काचपट्टी काढायची. तपासणी त्याचीच, पण शोध तिचा. तिला लिहिता येत नसे, ती सांगायची आणि कोणी तरी टिपून घ्यायचं.

इथे मला आमच्या शास्त्रातली एक जागा आठवते. न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण मानलं आहे, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं हे ज्ञानाचं साधन. असा विश्वासू, आप्त, कोण? वात्स्यायनाच्या भाष्यात याचं उत्तर फार सरळ आहे. ज्यानं ती गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे तो स्पष्ट म्हणतो की ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, लक्षण एकच. जन्म नाही, पदवी नाही. हे भाष्य आपण दीड हजार वर्षं पाठ केलं आणि गावात मात्र कोणाचं सांगणं मोजायचं हे जातीवरून ठरवत राहिलो. जामखेडच्या फिरत्या टीममधल्या कोणी न्यायभाष्य वाचलं असेल असं मला वाटत नाही. पण रोज सकाळी ते त्याचं पालन करत होते, हे खरं.

पाण्याचीही गोष्ट अशीच. १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, माणसं रोजगार हमीच्या आधीच्या त्या दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. अशा वेळी बाळांना ओआरएस पाजा म्हणून सांगणं म्हणजे थट्टाच. प्रकल्पानं अन्नछत्रं चालवली, कूपनलिका खोदल्या. आणि पंप कुठे बसवायचा हा प्रश्न आला तेव्हा तो दलित वस्तीत बसेल असं पाहिलं. गावाला पाणी हवं तर तिथे जावं लागेल. यात तांत्रिक भाग कोणता आणि सामाजिक कोणता? जागा भूजल जाणणारा माणूस दाखवतो, म्हणजे तांत्रिक. पण पाणी दोन ठिकाणी लागत असेल तर त्यांतली कोणती जागा निवडायची, हे कोणत्याही यंत्रावर दिसत नाही.

नारूचं उदाहरण यासाठीच चांगलं आहे. नारूवर लस नाही, औषध नाही. दूषित पाण्यातले सूक्ष्म जीव पोटात गेले की वर्षभरानं हातभर लांब जंत पायातून बाहेर येऊ लागतो. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो, आणि तो बारवेच्या पायरीवर उभा असेल तर पुढच्या वर्षीचे रुग्ण तिथेच तयार होतात. देशानं १९८३-८४ मध्ये मोहीम सुरू केली, महाराष्ट्र हा नारूच्या राज्यांपैकी एक होता. साधनं काय, तर गाळायचं फडकं, पायऱ्यांच्या विहिरीऐवजी पंप किंवा रहाट, पाण्यात थोडं औषध, आणि ज्याच्या पायातून नारू निघतो आहे त्याला पाण्यात उतरू न देणारा शेजारी. १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला, २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. एका रोगाचं संपूर्ण निर्मूलन फडक्यानं आणि शेजाऱ्यानं झालं. याचं कौतुक आपल्याला फार कमी आहे.

जामखेडचं नाव पुढे जगभर गेलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात त्यावर प्रकरण आलं, १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली, तिच्या पाठीमागे जे थोडे नमुने होते त्यांत जामखेड होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्ष पूर्ण होण्याआधी दगावत, ते प्रमाण नव्वदीच्या दशकात वीस-पंचवीसच्या आसपास आलं.

या आकड्यावर जाणते लोक शंका घेतात आणि घ्यायलाही हवी. त्या काळात सगळ्या राज्यातच बालमृत्यू घटत होते, मग यातलं प्रकल्पाचं किती? शिवाय हे सगळं एका असामान्य जोडप्यामुळे झालं, दुसरीकडे कसं होणार? माझं मत असं की पहिली शंका रास्त आहे, घट दोन्ही कारणांनी झाली असणार. दुसरी शंका मला आळशी वाटते. कारण ती नक्कल करून पाहिली गेली, आणि नक्कल नेमकी कुठे फसली हे आपल्यासमोर आहे. २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्र सरकारनं गावोगाव आरोग्य स्वयंसेवक नेमण्याची योजना आणली. तीन महिने प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन, औषधांची पेटी. निवडले गेले ते बहुतेक पुरुष, आणि तेही पुष्कळदा पुढाऱ्यांच्या मर्जीतले. त्यांच्या पाठीशी फिरती टीम नव्हती. म्हणजे जामखेडमधून पेटी उचलली, बाई आणि तंत्रज्ञ दोघांनाही मागे ठेवलं.

आणि दुसऱ्या टोकाचा रोमँटिकपणाही मला पटत नाही, की गावाला सगळं ठाऊक असतं, तज्ज्ञ कशाला हवा. क्षयाचंच पाहा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत देबाबर बॅनर्जी आणि अँडरसन यांनी एक पाहणी केली. समज असा होता की खेडूत अडाणी, त्याला आजार कळत नाही. निघालं असं की थुंकीत क्षयाचे जंतू असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक आपण होऊन दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांना खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं होतं. रोग्याला कळलं होतं, दवाखान्याला कळलं नव्हतं. पण म्हणून मायक्रोस्कोप नको असं होत नाही. उलट मायक्रोस्कोप आणि तो पाहणारा डोळा जवळच्या केंद्रात हवा, एवढंच त्यातून निघतं. जामखेडच्या बाईमागे रुग्णालय होतं, प्रयोगशाळा होती, म्हणून तिचा शब्द वाया गेला नाही.

आता आजकालचं थोडं बोलतो आणि थांबतो. कुष्ठरोगात १९८३ पासून बहुविध औषधोपचार आला, वर्षानुवर्षांचा उपचार महिन्यांवर आला, ही खरोखरच मोठी गोष्ट. डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण झाले आणि ‘दूरीकरण’ जाहीर झालं. त्याच सुमारास कुष्ठरोगाची वेगळी यंत्रणा सामान्य आरोग्यसेवेत मिसळली. तंत्रज्ञ निवृत्त होत गेले, जागा रिकाम्या राहू लागल्या. घरोघर शोध थांबला तसे रुग्ण कागदावर कमी झाले. चट्टे कमी झाले का, हे कसं सांगणार? २०१६ मध्ये पुन्हा घरोघर शोधमोहीम सुरू करावी लागली आणि लपलेले रुग्ण निघाले. जगातले निम्म्याहून जास्त नवे कुष्ठरुग्ण आजही भारतात सापडतात. हजार पाठी पाहिलेली ती बोटं मात्र पेन्शनीत निघून गेली होती, ती परिपत्रकानं परत येत नाहीत.

आज ‘तांत्रिक अधिकारी’ हे पद बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर भरलं जातं. पदवी चांगली, इंग्रजी चांगलं, एक्सेल उत्तम. त्याला मी नावं ठेवत नाही. पण अकरा महिन्यांत गाव त्याला ओळखायला लागतं तोवर तो दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. गावात राहते ती आशाताई. कोरोनाच्या पहिल्या वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन दारोदार तीच फिरली, आणि लोकांनी तिला दार उघडलं.

शेवटी ऊसतोडीबद्दल सांगायचं राहिलं होतं. दसऱ्यानंतर पाथर्डी-जामखेडच्या कित्येक घरांना कुलूप असतं. हिवतापाच्या काळात पंधरवड्याच्या फेरीत हे घर सुटायचं, कुष्ठरोगाच्या गोळ्यांत खंड पडायचा. आणि ती कुटुंबं कारखान्याच्या आवारात कोप्या बांधून राहायची, तिथल्या यादीत त्यांचं नाव नसायचं. दोन्हीकडच्या रजिस्टरांत माणूस नाही. हा प्रश्न सर्वांत चांगला हाताळला तो पल्स पोलिओनं. त्यांनी घरांवर खडूनं खूण करायला सुरुवात केली. सगळ्या बालकांना डोस मिळाला तर ‘पी’. घर बंद असेल, मूल बाहेर गेलं असेल, घरच्यांनी नकार दिला असेल तर ‘एक्स’. आणि नियम असा की ‘एक्स’ लिहिण्यात कमीपणा नाही, पण त्या घरी पुन्हा जायचं. वीटभट्ट्या, ऊसतोडीच्या कोप्या, रस्त्याच्या कामावरच्या पालांची वेगळी यादी करायची. दादाकाकांच्या भिंतीवर फक्त ‘मी येऊन गेलो’ एवढंच लिहायची सोय होती. ‘मी आलो होतो, पण मला कळलं नाही’ असं लिहायला सरकारी रजिस्टरात जागा मिळायला चाळीस वर्षं लागली. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला, तोपर्यंत ‘एक्स’च्या घरांवर पुन्हा पुन्हा जाणं चालूच होतं.

एवढं बोलून मी प्रश्नांसाठी वेळ मोकळा ठेवतो. सभागृहात आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली काही मंडळी बसलेली दिसतात, त्यांनी आधी बोलावं, अशी माझी विनंती आहे.